जोसेफ-मिशेल मॉंगोल्फिये

जोसेफ-मिशेल मॉंगोल्फिये (२६ ऑगस्ट १७४० – २६ जून १८१०) हे फ्रेंच कागद-उत्पादक आणि संशोधक होते. धाकटे बंधू जाक-एतिएन मॉंगोल्फिये (१७४५–१७९९) यांच्यासह त्यांनी उष्ण हवेचा फुगा तयार केला. याच प्रकारच्या फुग्यातून २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पॅरिस येथे मानवाने पहिले मुक्त उड्डाण केले. या शोधाची सुरुवात नोव्हेंबर १७८२ मध्ये आव्हिन्याँ शहरातील एका खोलीत झाली. तेथे जोसेफ यांनी रेशमी कापड आणि लाकडी पट्ट्या यांची एक लहान पेटी तयार करून ती छतापर्यंत उडवली होती. पाणी स्वतःच्या वेगाने उंचावर चढवणाऱ्या हायड्रॉलिक रॅम या पंपाचे संशोधक म्हणूनही ते ओळखले जातात.

कुटुंब आणि बालपण

जोसेफ यांचा जन्म दक्षिण फ्रान्समधील आनोने गावाजवळच्या दाव्हेझिये येथे झाला. हा भाग आज आर्देश जिल्ह्यात मोडतो. त्यांचे वडील पिएर मॉंगोल्फिये हे विदालों येथील कागद कारखान्याचे मालक होते. पिएर आणि आन द्युरे या दांपत्याला सोळा अपत्ये झाली. त्यांत जोसेफ बारावे, तर एतिएन पंधरावे.

वडील शिस्तीचे कठोर होते. जोसेफ यांचा स्वभाव नेमका उलट, म्हणजे विसराळू, संकोची आणि स्वतःच्याच विचारांत गढलेला होता. तूर्नों येथील शाळेत त्यांचे मन रमले नाही आणि वयाच्या तेराव्या वर्षी ते तेथून पळाले. समुद्रकाठी जाऊन शिंपल्यांवर गुजराण करण्याचा त्यांचा बेत होता. वाटेत एका शेतावर रेशीमकिड्यांसाठी तुतीची पाने तोडण्याचे काम करत असताना ते घरच्यांना सापडले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे तारुण्यात ते पुन्हा घर सोडून सेंत-एतिएन येथे गेले. तेथे त्यांनी रंग आणि क्षार तयार केले व ते स्वतः गावोगाव फिरून विकले. रसायनशास्त्र आणि गणित या विषयांचे त्यांचे ज्ञान मुख्यतः स्वाध्यायातून आलेले होते.

कागदाचा व्यवसाय

अठराव्या शतकात कागद जुन्या चिंध्यांपासून बनवला जाई. चिंध्या कुजवून, कुटून त्यांचा लगदा करायचा, तो जाळीच्या साच्यावर उचलायचा, दाबायचा आणि वाळवायचा, अशी ही प्रक्रिया होती. मॉंगोल्फिये कुटुंबाचा कारखाना या धंद्यात नावाजलेला होता. १७७२ मध्ये थोरले बंधू रेमों यांचे अकाली निधन झाले. त्यामुळे पॅरिसमध्ये वास्तुशास्त्र शिकलेल्या एतिएन यांना परत बोलावून कारखान्याचा कारभार सोपवण्यात आला. एतिएन व्यवहारदक्ष होते आणि त्यांनी उत्पादनात अनेक तांत्रिक सुधारणा केल्या. १७८४ मध्ये या कारखान्याला राजकीय कारखाना हा दर्जा मिळाला.

जोसेफ यांनी व्हुआरों आणि रीव्ह येथे स्वतंत्रपणे कागदाचे कारखाने चालवले. व्यवसायात मात्र त्यांना फारसे यश आले नाही. १७७१ मध्ये त्यांचा विवाह नात्यातील तेरेझ फिलोल यांच्याशी झाला.

या व्यवसायाचा फुग्याच्या शोधाशी निकटचा संबंध आहे. हलका, हवा कमीत कमी झिरपू देणारा आणि तरीही न फाटणारा पदार्थ ही फुग्याची पहिली गरज असते. कागदाचे असे गुणधर्म मॉंगोल्फिये बंधूंना लहानपणापासून हाताळून माहीत होते.

आधीचे प्रयत्न

उष्ण हवेने वर जाणारे कागदी आकाशदिवे चीनमध्ये फार पूर्वीपासून प्रचलित होते. युरोपमध्ये ब्राझीलमध्ये जन्मलेले पाद्री बार्तोलोमेउ द गुस्मांव यांनी ऑगस्ट १७०९ मध्ये लिस्बन येथे पोर्तुगालचे राजे पाचवे जॉन यांच्यासमोर एक लहान कागदी फुगा उडवून दाखवला होता. मात्र त्यापुढे माणूस वाहून नेणारा फुगा तयार झाला नाही.

इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६६ मध्ये हायड्रोजन हा वायू हवेपेक्षा कितीतरी हलका असल्याचे दाखवले होते. जोसेफ प्रीस्टली यांच्या वायूंवरील ग्रंथाचा फ्रेंच अनुवादही मॉंगोल्फिये बंधूंच्या वाचनात आला होता. त्यांनी कागदी पिशव्यांत हायड्रोजन भरून पाहिला. तो कागदाच्या छिद्रांतून निसटून गेल्यामुळे हा मार्ग त्यांनी सोडून दिला.

आव्हिन्याँ येथील प्रयोग

१७८२ च्या नोव्हेंबर महिन्यात जोसेफ आव्हिन्याँ येथे राहत होते. त्याच वर्षी फ्रान्स आणि स्पेन यांच्या सैन्यांचा जिब्राल्टरच्या किल्ल्यावरील मोठा हल्ला फसला होता. जमीन आणि समुद्र या दोन्ही मार्गांनी अजिंक्य ठरलेल्या या किल्ल्यात हवेतून सैनिक उतरवता येतील का, हा विचार जोसेफ यांच्या मनात घोळत होता. शेकोटीजवळ बसलेले असताना धुराबरोबर वर जाणाऱ्या ठिणग्यांकडे त्यांचे लक्ष गेले, असे सांगितले जाते. विस्तवावर वाळत घातलेल्या कपड्यांत हवा भरून ते वर फुगतात, हे त्यांनी त्याआधीच पाहिले होते, अशीही कथा प्रचलित आहे.

जोसेफ यांनी पातळ लाकडी पट्ट्यांची सुमारे तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार फूट उंच अशी चौकट केली. तिच्या चारही बाजू आणि वरचा भाग त्यांनी तलम रेशमी टॅफेटा कापडाने मढवला. खालची बाजू उघडी ठेवून तिच्याखाली कागदाचे चुरगळलेले तुकडे पेटवले. पेटी जमिनीवरून उचलली गेली आणि छताला जाऊन टेकली. जोसेफ यांनी लगेच एतिएन यांना पत्र पाठवले. टॅफेटा कापड आणि दोरखंड यांचा साठा ताबडतोब करून ठेवावा, म्हणजे एक अद्भुत गोष्ट पाहायला मिळेल, असा त्या पत्राचा आशय होता.

या पेटीचे घनफळ सुमारे एक घनमीटर होते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम असते. तीच हवा १०० अंशांपर्यंत तापवली, तर तेवढ्याच जागेत सुमारे ०.९५ किलोग्रॅम हवा मावते. या दोन वजनांतील फरक म्हणजे पेटी उचलणारे बल होय. तो पाव किलोच्या आसपास भरतो. म्हणजेच लाकूड आणि कापड मिळून पेटीचे वजन याहून कमी असणे आवश्यक होते. कापडाची व लाकडाची निवड थोडी जड झाली असती, तर पेटी जागेवरून हललीही नसती.

मोठ्या आकाराकडे

आनोनेला परतल्यावर दोन्ही भावांनी प्रत्येक बाजूने तिप्पट मोठी पेटी तयार केली. १४ डिसेंबर १७८२ रोजी लोकर आणि गवत जाळून तिची चाचणी घेण्यात आली. पेटीची ओढ इतकी जोरदार होती की ती त्यांच्या ताब्यातून सुटली आणि जवळपास दोन किलोमीटर अंतरावर जाऊन उतरली. तेथे जमलेल्या लोकांनी ती मोडून टाकली.

ही अनपेक्षित ओढ साध्या भूमितीतून समजते. कोणत्याही वस्तूची लांबी, रुंदी व उंची तिप्पट केली, तर तिचे पृष्ठफळ नऊपट आणि घनफळ सत्तावीसपट होते. कापडाचे वजन पृष्ठफळाप्रमाणे वाढते, तर हवेचे उचलणारे बल घनफळाप्रमाणे वाढते. त्यामुळे आकार वाढवला की उचलण्याची क्षमता वजनाच्या तुलनेत झपाट्याने वाढते. लहान पेटी जेमतेम छताला टेकत असेल, तर मोठी पेटी माणूसही नेऊ शकेल, हा निष्कर्ष दोन्ही भावांना या चाचणीने हाती दिला.

आनोने येथील जाहीर प्रात्यक्षिक

४ जून १७८३ रोजी आनोने येथे व्हिव्हारे प्रांताच्या प्रतिनिधींसमोर फुग्याचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक झाले. हा फुगा गोलाकार होता. बाहेरून जाड कापड आणि आतून कागदाचे तीन पातळ थर, अशी त्याची रचना होती. घुमट आणि तीन पट्टे असे त्याचे चार भाग सुमारे १,८०० गुंड्यांनी एकमेकांना जोडलेले होते आणि बळकटीसाठी बाहेरून दोरीचे जाळे बसवले होते. फुग्याचे घनफळ सुमारे ७९० घनमीटर, तर वजन सुमारे २२५ किलोग्रॅम होते. तो सुमारे दहा मिनिटे हवेत राहिला आणि दोन किलोमीटर अंतरावर उतरला.

ही बातमी पॅरिसमधील विज्ञान अकादमीपर्यंत पोहोचली. नेमका कोणता वायू वापरला गेला, याची स्पष्ट माहिती तेथे नव्हती. भौतिकशास्त्रज्ञ जाक शार्ल यांनी हायड्रोजन वापरून फुगा तयार केला आणि तो २७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसमध्ये उडवला. त्यामुळे एकाच वर्षी उष्ण हवा आणि हायड्रोजन असे दोन प्रकारचे फुगे एकमेकांशी स्पर्धा करू लागले.

पॅरिस आणि व्हर्साय

पॅरिसला जाण्याचे काम एतिएन यांच्याकडे आले. ते बोलण्यात चतुर आणि राजधानीच्या रीतिरिवाजांशी परिचित होते. जोसेफ यांना पोशाखाचे भान नसे आणि मोठ्या लोकांत वावरण्याची सवयही नव्हती. मूळ कल्पना ज्यांची, ते जोसेफ पॅरिस आणि व्हर्साय येथील प्रसिद्ध प्रयोगांपासून दूर राहिले. या कारणाने अनेक समकालीन वृत्तांतांत एतिएन यांचे नाव पुढे दिसते आणि शोधाचे श्रेय बहुधा दोघांना एकत्रच दिले जाते.

एतिएन यांनी भिंतीवर लावायच्या रंगीत कागदाचे उत्पादक जाँ-बातिस्त रेव्हेयों यांच्या सहकार्याने नवा फुगा बांधला. पहिला फुगा पावसाने खराब झाल्यावर काही दिवसांतच दुसरा तयार करण्यात आला. १९ सप्टेंबर १७८३ रोजी व्हर्साय येथे राजे सोळावे लुई आणि राणी मारी आंत्वानेत यांच्या उपस्थितीत त्यातून एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा यांना पाठवण्यात आले. उंचावरील हवेत सजीव तग धरतील का, याविषयी त्या काळी शंका होती. सुमारे आठ मिनिटांनंतर फुगा साधारण तीन किलोमीटरवर उतरला आणि तिन्ही प्राणी जिवंत आढळले.

त्यानंतर १५ ऑक्टोबर रोजी दोराने बांधलेल्या फुग्यातून माणसाचे चढणे सुरू झाले. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पिलात्र द रोझिये आणि मार्क्वी दार्लांद यांनी ला म्युएत येथून मुक्त उड्डाण केले. सुमारे २५ मिनिटांत पॅरिसवरून नऊ किलोमीटर प्रवास करून ते शहराच्या कडेला सुखरूप उतरले. डिसेंबर १७८३ मध्ये राजाने पिएर मॉंगोल्फिये यांना सरदारकी बहाल केली. मुलांच्या शोधाचा हा मान वडिलांच्या नावे दिला गेला.

ल्यों येथील उड्डाण

जोसेफ यांनी ल्यों शहरात लोकवर्गणीतून एक प्रचंड फुगा बांधला. त्याचे घनफळ सुमारे २३,००० घनमीटर होते आणि स्थानिक प्रशासक फ्लेसेल यांचे नाव त्याला देण्यात आले होते. प्रथम त्यातून माणसे नेण्याचा विचार नव्हता, परंतु अनेकांनी जागेसाठी आग्रह धरला. १९ जानेवारी १७८४ रोजी जोसेफ, पिलात्र द रोझिये आणि इतर पाच जण असे एकूण सात प्रवासी त्यातून वर गेले. काही मिनिटांनी फुग्याचे आवरण फाटले आणि फुगा वेगाने खाली आला, तरी कोणालाही गंभीर इजा झाली नाही. जोसेफ यांनी आयुष्यात केलेले हे एकमेव उड्डाण होय.

उड्डाणाचे कारण

फुगा का उडतो याविषयी मॉंगोल्फिये बंधूंचा समज बरोबर नव्हता. जळणाऱ्या पदार्थांतून एक विशेष हलका वायू निघतो आणि तोच फुगा वर नेतो, असे त्यांना वाटे. त्यामुळे ते ओले गवत, लोकर असे भरपूर धूर देणारे इंधन मुद्दाम निवडत. जिनिव्हा येथील शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी प्रयोगांनी दाखवले की धुराचा येथे काही संबंध नसून हवा तापून विरळ होणे हेच उड्डाणाचे कारण आहे. १८०२ मध्ये गे-ल्युसाक यांनी तापमान आणि वायूंचे प्रसरण यांचा नियम प्रसिद्ध केला. तेव्हापासून या बलाचे गणित नेमकेपणाने मांडता येऊ लागले.

कारणाची कल्पना चुकीची असूनही फुगा उडाला, कारण त्याची प्रत्येक पायरी प्रत्यक्ष चाचणीने ठरलेली होती. खोलीतील पेटी, तिच्या तिप्पट पेटी आणि मग आनोनेचा फुगा या क्रमात प्रत्येक प्रयोगाने पुढील प्रयोगाचा आकार सुचवला. विज्ञानाच्या इतिहासात कृती सिद्धांताच्या आधी यशस्वी झाल्याचे हे एक ठळक उदाहरण मानता येते.

हायड्रॉलिक रॅम

१७९६ मध्ये जोसेफ यांनी व्हुआरों येथील कारखान्यासाठी आपोआप चालणारा पंप तयार केला. उतारावरून नळातून वाहणारे पाणी एक झडप अचानक बंद करते. थांबलेल्या पाण्याचा दाब एकदम वाढतो आणि त्यातील थोडे पाणी दुसऱ्या झडपेतून उंचावर ढकलले जाते. दाब उतरला की पहिली झडप पुन्हा उघडते आणि हे चक्र चालू राहते. या पंपाला इंधन लागत नाही. इंग्लंडमध्ये जॉन व्हाइटहर्स्ट यांनी १७७२ मध्ये याच तत्त्वावर हाताने चालवायचे यंत्र केले होते. जोसेफ यांनी ते स्वयंचलित केले. १७९७ मध्ये मॅथ्यू बोल्टन यांनी त्यांच्या वतीने इंग्लंडमध्ये पेटंट घेतले. आजही डोंगराळ भागांत असे पंप वापरात आहेत आणि भारतात उत्तराखंडमध्येही ते बसवलेले आढळतात.

उत्तरायुष्य

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात उड्डाणाचे प्रयोग मागे पडले. एतिएन यांचे २ ऑगस्ट १७९९ रोजी सेर्रिएर येथे निधन झाले. कारखाना त्यांचे जावई बार्तेलेमी द कान्सों यांच्याकडे गेला. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला कान्सों कागद याच घराण्याच्या कारखान्यातून पुढे आला.

जोसेफ पॅरिसला स्थायिक झाले. तेथील कला व उद्योग संग्रहालयात त्यांची यंत्रांचे प्रात्यक्षिक दाखवणारे म्हणून नियुक्ती झाली. त्यांना लीजन ऑफ ऑनर हा सन्मान मिळाला आणि १८०७ मध्ये ते फ्रान्सच्या इन्स्टिट्यूटचे सदस्य झाले. त्यांच्या पुतणीचे पुत्र, अभियंते मार्क सेगें यांनी त्यांच्याकडून बरेच काही शिकल्याचे नमूद केले आहे. उष्णता आणि गती ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, हा विचार आपल्याला त्यांच्याकडून मिळाल्याचेही सेगें यांनी लिहिले. २६ जून १८१० रोजी बालारुक-ले-बें येथे जोसेफ यांचे निधन झाले. प्रकृतीच्या उपचारांसाठी ते तेथील उष्ण झऱ्यांच्या ठिकाणी गेले होते.

लहान नमुना आणि शिक्षण

जोसेफ यांच्या पहिल्या प्रयोगाची लहान प्रतिकृती मुलांसह घरी किंवा शाळेत केली जाते. त्यासाठी पतंगासारखा पातळ कागद वापरतात. कागदाच्या होडीच्या आकाराच्या लांबट पाकळ्या कापून त्यांच्या कडा एकमेकींना चिकटवतात आणि खालचे तोंड उघडे ठेवतात. सर्व पाकळ्या एकसारख्या यावेत म्हणून आधी पुठ्ठ्याचा एक साचा करून घेणे सोयीचे ठरते.

अशा नमुन्यातही आकाराचा नियम दिसून येतो. दर चौरस मीटरला २० ग्रॅम वजनाच्या कागदाचा एक मीटर व्यासाचा गोल केला, तर कागदाचे वजन सुमारे ६३ ग्रॅम होते. बाहेरची हवा २० अंश आणि आतली ८० अंश असेल, तर उचलणारे बल सुमारे १०७ ग्रॅम वजनाइतके असते. हा फुगा उडतो. व्यास अर्धा केला, तर कागद सुमारे १६ ग्रॅमचा आणि बल केवळ १३ ग्रॅमचे उरते. हा फुगा उडत नाही. मुलांनी केलेला छोटा फुगा जमिनीवरच राहतो, तेव्हा त्याचे कारण बहुधा हातातील कसबाची कमतरता नसून हा नियम असतो. डिंक जाड लावल्यास वजन आणखी वाढते. बाहेरची हवा थंड असेल तर आतल्या व बाहेरच्या तापमानातील फरक वाढतो, म्हणून पहाटेची वेळ अनुकूल असते.

हवा तापवण्यासाठी केस वाळवण्याचे विजेचे यंत्र वापरणे सुरक्षित असते. त्याची हवा कमी तापलेली असल्यामुळे आकार मोठा किंवा कागद अधिक हलका घ्यावा लागतो. पेटती वात बांधून मोकळे सोडलेले फुगे गवत, घरे आणि पिके यांना आग लावू शकतात. त्यामुळे अनेक ठिकाणी अशा आकाशदिव्यांवर बंदी आहे. मॉंगोल्फिये बंधूंच्या काळातही हा धोका होताच. २१ नोव्हेंबरच्या उड्डाणात फुग्याच्या कापडावर पडणाऱ्या ठिणग्या प्रवाशांना ओल्या स्पंजने विझवाव्या लागल्या होत्या.

वारसा

हायड्रोजनच्या फुग्यांचा पल्ला जास्त असल्याने उष्ण हवेचे फुगे लवकरच मागे पडले. पिलात्र द रोझिये यांचा १५ जून १७८५ रोजी इंग्लिश खाडी ओलांडण्याच्या प्रयत्नात मृत्यू झाला. त्यांच्या फुग्यात उष्ण हवा आणि हायड्रोजन दोन्ही एकत्र वापरलेले होते. पुढे १९६० मध्ये अमेरिकेत एड योस्ट यांनी प्रोपेन वायूचा जाळ वापरून आधुनिक उष्ण हवेचा फुगा उडवला आणि हा प्रकार पुन्हा रूढ झाला.

फ्रेंच भाषेत उष्ण हवेच्या फुग्याला आजही मॉंगोल्फिएर असेच म्हणतात. आनोने येथे दोन्ही बंधूंचे स्मारक आहे आणि पहिल्या जाहीर प्रात्यक्षिकाची आठवण तेथे दरवर्षी जून महिन्यात साजरी केली जाते.